रंगीत चित्रासोबत हिशेबाचे एक पानही मागा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पूल, जाहिरातीचा फलक, पाण्याची टाकी किंवा कारखान्यातली क्रेन यांच्या बाबतीत काही विपरीत घडले की खुलाशात एक वाक्य हमखास असते : ‘डिझाइन संगणकावर तपासून घेतले होते.’ सोबत निळ्यापासून (कमी ताण) लाल रंगापर्यंत (जास्त ताण) छटा असलेले एक चित्र जोडलेले असते. ज्या पद्धतीने ते चित्र तयार होते ती फायनाइट एलिमेंट पद्धत मोलाची आहे. मोटारीच्या दारापासून धरणाच्या भिंतीपर्यंत आज तिच्यावाचून पान हलत नाही. पुण्यात तर परदेशी मोटार कंपन्यांसाठी मेशिंग (वस्तूची तुकड्यांची जाळी आखणे) आणि विश्लेषण करून देणाऱ्या कितीतरी कंपन्या आहेत आणि हजारो तरुण अभियंत्यांचे पोट या कामावर चालते. म्हणूनच हे चित्र कधी खरे मानावे आणि कधी मानू नये, हे काम करून घेणाऱ्यांनाही कळायला हवे. कारखान्याचा खरेदी विभाग, महापालिकेचा अभियंता, सोसायटीची कमिटी यांनी अशा अहवालासोबत पडताळणीचे एक पान सक्तीने मागावे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी पद्धत थोडक्यात. कोणत्याही अवघड आकाराच्या वस्तूत बल कसे वाहते याचे नेमके सूत्र मिळत नाही. म्हणून वस्तूचे छोटे छोटे तुकडे करतात. तुकडा म्हणजे एलिमेंट, त्याचे कोपरे म्हणजे नोड आणि सगळी जाळी म्हणजे मेश. प्रत्येक तुकड्याच्या आत वस्तू कशी सरकेल याचे एक सोपे गृहीतक धरतात, सरळ रेषेचे किंवा परवलयाचे. मग सगळ्या तुकड्यांचा ताठपणा एकत्र बांधून हजारो, लाखो समीकरणे सोडवतात. विमानाच्या पंखाचा ताठपणा काढण्यासाठी १९५६ साली अशी मांडणी प्रसिद्ध झाली आणि १९६० साली रे क्लॉफ यांनी तिला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले. समीकरणे सोडवण्यात संगणक सहसा चुकत नाही. मात्र त्याने दिलेले उत्तर त्या तुकड्यांच्या नकलेचे असते. नक्कल मूळ वस्तूच्या किती जवळ आहे हे संगणक सांगत नाही, ते माणसाने पाहायचे असते.

हे किती बिघडू शकते याचा सर्वांत सोपा नमुना पाहू. ५०० मिमी लांब, ५० मिमी उंच आणि १० मिमी जाड अशी पोलादी पट्टी घ्या. तिचे एक टोक पक्के धरलेले आहे आणि दुसऱ्या टोकावर १,००० न्यूटन म्हणजे साधारण १०० किलोंचा भार आहे. हाताने हिशेब करू. छेदाचे आय (आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) म्हणजे १० गुणिले ५० चा घन भागिले १२, म्हणजे सुमारे १,०४,१६७. पोलादाचे ई (साहित्याचा ताठपणा) दोन लाख मेगापास्कल, म्हणजे न्यूटन प्रति चौरस मिमी. भार गुणिले लांबीचा घन, भागिले तीन गुणिले ई गुणिले आय : टोक बरोबर २ मिमी खाली येते. मुळाशी वाकवणारा मोमेंट (बल गुणिले अंतर) ५,००,००० न्यूटन-मिमी, त्यामुळे तिथला स्ट्रेस (दर चौरस मिमीवरचे आतले बल) १२० मेगापास्कल. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी हे पाच मिनिटांत करतो.

आता हीच पट्टी संगणकावर घ्या आणि चार नोडचे साधे चौकोनी एलिमेंट वापरून उंचीत एकच थर ठेवा. लांबीत ५० मिमीचे दहा तुकडे होतील. मेश देखणी दिसते, सॉल्व्हर (समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम) एकही इशारा देत नाही आणि टोक सुमारे १.३५ मिमी खाली आल्याचे उत्तर येते. म्हणजे पट्टी प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ दीडपट ताठ झाली! मुळाजवळचा स्ट्रेसही १२० ऐवजी नव्वदच्या आत दिसतो. कारण असे की साध्या चौकोनाच्या कडा सरळच राहतात, त्यांना वाकता येत नाही. वाकण्याऐवजी त्या तिरक्या होतात आणि नसलेला कातर (थर एकमेकांवरून सरकवणारे बल) तिथे उभा राहतो. याला शिअर लॉकिंग म्हणतात. तुकडे लांबट केले, म्हणजे १०० मिमीचे पाचच ठेवले, तर उत्तर पाऊण मिलिमीटरवर येते. उंचीत चार थर आणि लांबीत चाळीस तुकडे केले की १.९५ च्या आसपास पोहोचतो. आणि कडेच्या मध्यावर जादा नोड असलेले, आठ नोडचे दहाच एलिमेंट घेतले तरी उत्तर २ मिमीच्या किंचित वर येते. तो किंचितही बरोबरच असतो, कारण कातरामुळे येणारा सुमारे ०.०१६ मिमी वाक आपल्या सोप्या सूत्रात धरलेला नव्हता.

म्हणून ‘मेश बारीक आहे का’ हा प्रश्न पुरेसा नाही. एलिमेंट कोणता आणि जाडीत किती थर, हे विचारायला हवे. पातळ पत्र्याचे काम चार पृष्ठांच्या साध्या घनाकृती एलिमेंटने उरकलेले अहवाल अजूनही दिसतात. कॅड मॉडेलवर एक बटण दाबले की ती मेश आपोआप होते, म्हणून. त्या एलिमेंटच्या आत स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात होणारा ताणाचा बदल) बदलूच शकत नाही आणि वाकण्याच्या कामात तो चौकोनापेक्षाही वाईट वागतो. पत्रा असेल तर शेल (पातळ पृष्ठासारखे) एलिमेंट घ्यावेत. घनाकृतीच हवे असतील तर दहा नोडचे घ्यावेत आणि जाडीत किमान दोन थर ठेवावेत.

ही चूक फक्त पुस्तकातली आहे असे कोणाला वाटू नये. नॉर्वेत स्टाव्हांगर शहराजवळच्या खाडीत २३ ऑगस्ट १९९१ रोजी ‘स्लाइप्नर ए’ या तेल-वायू प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया बुडाला. ८२ मीटर खोल समुद्रात उभा राहण्यासाठी तो बांधला होता. त्यात एकमेकींना चिकटलेल्या २४ गोल कोठड्या होत्या आणि त्यांतल्या चार वर वाढवून खांब केलेले होते. वरचा डेक बसवण्याआधी पाया पाण्याने जड करून खाली उतरवण्याचे काम चालू होते. तीन गोल कोठड्या जिथे एकत्र येतात तिथे मध्ये त्रिकोणी पोकळी राहते. ती वरून उघडी असल्याने तिच्यात समुद्राचे पाणी होते आणि शेजारच्या कोठडीत हवा. पाया जसा खाली जाई तसा पोकळीतल्या पाण्याचा दाब मधल्या भिंतीवर वाढत जाई. साधारण ६५ मीटर पाण्याच्या दाबाला ती भिंत फुटली, पाणी पंपांना आवरेना आणि सगळा पाया तळाशी आदळून चुरा झाला. तो हादरा भूकंपमापकांवर ३ रिश्टर नोंदला गेला. माणसे सुखरूप निघाली, पण आर्थिक नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले.

चौकशीत निघालेले कारण आपल्या पट्टीच्या उदाहरणाचेच थोरले भावंड आहे. विश्लेषण नॅस्ट्रान या नावाजलेल्या सॉफ्टवेअरवर केलेले होते आणि सॉफ्टवेअरमध्ये दोष नव्हता. त्रिकोणी पोकळीच्या कोपऱ्याशी मेश जाड आणि एलिमेंट तिरपे पडलेले होते. त्यांतून काढलेला कातर खऱ्यापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आला. त्या आकड्यावर विसंबून भिंतीची जाडी ठरली, आणि सांध्यातल्या टी आकाराच्या डोक्याच्या सळयाही आखूड राहिल्या. अपघातानंतर बारीक मेशने पुन्हा हिशेब केला तेव्हा भिंत ६२ मीटरला फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती ६५ ला फुटली. म्हणजे नीट वापरली तर हीच पद्धत किती नेमके सांगते, हेही त्याच घटनेतून दिसले.

त्या भिंतीचा ढोबळ ताळा कागदाच्या कपट्यावर घेता येतो. ६५ मीटर समुद्राच्या पाण्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६५० किलोन्यूटन. भिंतीचा मोकळा गाळा समजा ४ मीटर धरला, तर एका मीटर उंचीच्या पट्ट्यावर टोकाशी येणारा कातर ६५० गुणिले ४ भागिले २, म्हणजे १,३०० किलोन्यूटन. संगणकाचे उत्तर याच्या जवळपास निम्मे आले की तिथेच थांबायचे आणि मेश उघडून पाहायची. या एका ओळीच्या हिशेबाला तोलाचे स्थान दिले असते, तर आकड्यातली खोट टेबलावरच उघडी पडली असती.

मेशइतकीच दगा देणारी गोष्ट म्हणजे आधार. ज्याला बाउंडरी कंडिशन म्हणतात, ते अहवालात बहुधा एका ओळीत उरकलेले असते : ‘तळ फिक्स केला.’ प्रत्यक्षात तळ चार बोल्टवर असतो, खालची प्लेट लवचिक असते आणि तिच्याखालचे ग्राउटिंग कधी भरलेले तर कधी पोकळ असते. समान पसरलेला भार असलेली तुळई दोन्ही टोकांना पक्की धरली की मध्यावरचा वाक नुसत्या टेकवलेल्या तुळईच्या एक पंचमांश होतो आणि मध्यावरचा मोमेंट एक तृतीयांश. खरी तुळई या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. दोन्ही टोकांची उत्तरे काढून अहवालात दिली तर वाचणाऱ्याला कक्षा तरी कळते. शिवाय पृष्ठ पूर्ण फिक्स केले की त्याच्या कडेला खोटा लाल ठिपका उमटतो, कारण भार आला की पृष्ठ आडवे थोडेसे आक्रसते किंवा फुगते आणि आपण तेही रोखून धरलेले असते.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराच्या क्रीडागृहाचे छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली कोसळले. आदल्या संध्याकाळी तिथे सुमारे पाच हजार प्रेक्षक सामना पाहत बसले होते. काही तास आधी हे घडले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. त्रिमितीय कैच्यांचे ते छत, त्या काळी संगणकावर तपासलेले. हिशेबात वरच्या दांड्यांना मध्यभागी आडवा आधार आहे असे धरले होते. प्रत्यक्ष सांध्याच्या रचनेमुळे कडेच्या दांड्यांना तो मिळतच नव्हता. दाबाखालच्या दांडीची मोकळी लांबी दुप्पट झाली की तिची बकलिंगची (दाबाखाली अचानक बाजूला वाकण्याविरुद्धची) ताकद एक चतुर्थांश होते. साध्या लिनिअर (भार दुप्पट तर वाक दुप्पट असे धरणाऱ्या) विश्लेषणाला बकलिंग दिसत नाही, त्यात दांडी चिरडेपर्यंत सरळच राहते. आणि सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी की बांधकामाच्या वेळीच छताचा वाक हिशेबाच्या सुमारे दुप्पट मोजला गेला होता आणि तसे कळवलेही होते. मोजलेला आकडा आणि संगणकाचा आकडा जुळत नसेल तर मोजलेल्याचे आधी ऐकायचे असते.

आता त्या लाल ठिपक्याविषयी, कारण खरेदी विभागात सगळे बोट तिथेच ठेवतात. आतल्या बाजूचा काटकोनी कोपरा फिलेट (गोलाई) न देता तीक्ष्ण ठेवला असेल तर तिथला स्ट्रेस सैद्धांतिकदृष्ट्या अनंत असतो. मेशचा आकार अर्धा केला की तो सुमारे ३७ टक्के वाढतो, पुन्हा अर्धा केला की पुन्हा तेवढाच, आणि असा वाढतच राहतो. अशा ठिकाणी ‘३१२ मेगापास्कल, नापास’ किंवा ‘२१८, पास’ या दोन्ही निष्कर्षांना अर्थ नाही. मेशचा आकार बदलून हवे ते उत्तर काढता येते. कोपऱ्याला खरी त्रिज्या द्यावी, तिच्या कमानीवर सहा-आठ एलिमेंट बसवावेत आणि मेश दोनदा बारीक करून पाहावी. उत्तर पाच टक्क्यांच्या आत स्थिर झाले तर ते वाचण्याजोगे.

वेल्डच्या पायथ्याशीही हेच होते. तिथे फटीग (पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराने तडा जाणे) तपासायचा असेल तर पायथ्यावरचा आकडा न घेता पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे स्ट्रेस वाचतात. पहिल्याची १.६७ पट करून त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा केली की हॉट स्पॉट स्ट्रेस (पायथ्यावरचा हिशेबात धरायचा स्ट्रेस) मिळतो. पत्रा १० मिमी असेल तर वाचायच्या जागा ४ आणि १० मिमीवर येतात, म्हणून मेशचे नोडही तिथेच पडतील अशी आखणी सुरुवातीलाच करावी लागते.

आणखी एक गोष्ट चित्रात दडून राहते. सॉफ्टवेअर शेजारच्या एलिमेंटमधले स्ट्रेस नोडवर सरासरी करून गुळगुळीत छटा दाखवते. सरासरी बंद करा. शेजारशेजारच्या एलिमेंटमध्ये रंग ठळक तुटक दिसले तर मेश तिथे अपुरी आहे. हे पाहायला अर्धा मिनिट लागतो.

साहित्याबाबतही सरसकट एकच मोजपट्टी लावली जाते. भारतीय मानक आयएस २०६२ च्या ई २५० पोलादाचा यील्ड स्ट्रेस (ज्याच्यापुढे पोलाद कायमचे ताणले जाते तो) २० मिमीपेक्षा कमी जाडीला २५० मेगापास्कल असतो आणि पोलादी बांधकामाचे मानक आयएस ८०० प्रमाणे १.१० या सुरक्षा गुणकाने भागून २२७ हाती राहतो. तिथे व्हॉन मिझेस स्ट्रेस (सगळ्या दिशांचे स्ट्रेस एकत्र करून काढलेला एक आकडा) पाहणे योग्य. पण तोच निकष बिडाच्या ओतकामाला लावणे चूक आहे. बीड ठिसूळ असते, दाबाला दणकट आणि ओढीला कमजोर. तिथे प्रिन्सिपल स्ट्रेसमधली (त्या बिंदूतल्या सर्वांत मोठ्या सरळ स्ट्रेसमधली) ओढ पाहावी लागते. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बिडाच्या हाउसिंगचे काम भरपूर चालते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

एककांची गल्लत तर रोजची. मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल वापरले की वस्तुमान टनात घ्यावे लागते. पोलादाची घनता तेव्हा ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. कोणी सवयीने किलोग्रॅम धरून उणे ६ लिहिले की स्वभार हजारपट होतो आणि कंपनाची वारंवारता ३१.६ पटींनी कमी येते. गुरुत्व त्वरण ९.८१ नव्हे, ९,८१० लिहायचे.

तर मागायचे पान असे. लावलेल्या एकूण भारांची बेरीज आणि आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज, तिन्ही दिशांना, आकड्यांत. त्या जुळल्या नाहीत तर पुढचे वाचूच नये. मॉडेलचे वजन आणि ड्रॉइंगवरचे वजन. आधार न लावता मोकळे सोडून काढलेल्या पहिल्या सहा वारंवारता : एकसंध मॉडेल असेल तर त्या जवळजवळ शून्य येतात आणि सातवी पहिली खरी. शून्याजवळ सातवी-आठवीही दिसली तर कुठेतरी दोन भाग जोडायचे राहून गेले आहेत. एकच एक मेश न देता तीन मेशची उत्तरे. एलिमेंटचा प्रकार. आधार कसे धरले आणि प्रत्यक्षात ते कसे आहेत. दाबाखाली काही भाग असेल तर बकलिंगची तपासणी. आणि हाताने केलेला एक हिशेब, ढोबळ चालेल, पण सहीनिशी.

याला फार वेळ लागतो ही तक्रार मान्य करता येत नाही. नीट बांधलेल्या मॉडेलवर हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. खरी अडचण कामाच्या वाटणीत आहे. मेश एकजण करतो, भार दुसरा लावतो, अहवाल तिसरा लिहितो आणि ताळा कोणाच्याच ताशी दरात बसत नाही. काम देणाऱ्याने ऑर्डरमध्येच हे पान नाव घेऊन लिहिले आणि त्याचे पैसे वेगळे धरले तर वाटणीत त्याला जागा मिळते. अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत आधी रंगीत चित्र बाजूला ठेवून ‘प्रतिक्रियांची बेरीज किती आली’ हा पहिला प्रश्न विचारावा. मुले हुशार आहेत, विचारले तर तयार होऊन येतील.

शेवटी मोजमाप. महत्त्वाच्या प्रत्येक कामात निदान एका ठिकाणी स्ट्रेन गेज (पृष्ठावर चिकटवून स्ट्रेन मोजणारे उपकरण) लावून भार द्यावा. वर घेतलेल्या पट्टीवर मुळापासून ५० मिमी अंतरावर वरच्या कडेला गेज लावा. तिथला स्ट्रेस १०८ मेगापास्कल, म्हणून वाचन ५४० माइक्रोस्ट्रेनच्या (एक माइक्रोस्ट्रेन म्हणजे दहा लाखांत एक भाग) आसपास यायला हवे. गेज अगदी मुळाशी लावू नये, तिथे स्ट्रेस झपाट्याने बदलतो आणि गेज स्वतःच्या लांबीतली सरासरी दाखवतो. टोकाखाली डायल गेजही (सरकणे मोजणारे घड्याळासारखे उपकरण) लावावा. स्ट्रेन ५४० आला, पण टोक २ ऐवजी ३ मिमी खाली गेले, तर पट्टी आणि भार दोन्ही बरोबर आहेत, मुळाचा आधार मात्र फिरतो आहे. ५०० मिमीवर एक मिमी म्हणजे ०.००२ रेडियन. मग मॉडेलमधली ‘फिक्स’ ही ओळ खोडून तिथे तेवढा फिरण्याचा ताठपणा घालायचा, २,५०,००० न्यूटन-मीटर प्रति रेडियन, आणि बोल्ट पाना लावून तपासायचे.

आपला,
एक स्ट्रक्चरल अभियंता, पुणे